घरी एआय मॉडेल चालवण्यासाठी मुदत ठेव मोडावी का?

नागपूरच्या एका ३४ वर्षांच्या वाचकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. दीड वर्षापूर्वी नोकरी सोडून ते घरूनच मोबाइल ॲप तयार करतात. वर्षाला सुमारे १४ लाख रुपये येतात, त्यांपैकी ११ लाख दोन ग्राहकांच्या कंत्राटी कामातून आणि ३ लाख स्वतःच्या ॲपच्या वर्गणीतून. आता ते डॉक्टरांसाठी ॲप बनवत आहेत, ज्यात तपासणीच्या वेळी मराठीत झालेले बोलणे ऐकून त्याची टिपणे तयार होतील. त्यासाठी लागणारी एआय मॉडेल ते सध्या भाड्याच्या सर्व्हरवर तासाला ५० रुपये देऊन, महिन्याला साधारण ६० तास चालवतात. ५,२०,००० रुपयांची मुदत ठेव मोडून ३,४०,००० रुपयांचा, २४ जीबी मेमरीचे ग्राफिक कार्ड (एआय मॉडेल ज्यावर चालते तो भाग) असलेला संगणक घरी आणावा, म्हणजे भाडे वाचेल आणि करही वाचेल, असा त्यांचा विचार आहे.

ठेव मोडू नका, असे मी तुम्हाला स्पष्टपणे सांगेन. तुमच्या ॲपच्या कल्पनेवर माझा विश्वास नाही असा याचा अर्थ मुळीच नाही. मराठीत बोलणाऱ्या रुग्णाची नोंद मराठीतच व्हावी, याची गरज मलाही मनापासून वाटते. परंतु जे पैसे तुम्ही यासाठी काढू पाहता, ते या कामाचे नाहीत.

आधी भाड्याचा हिशेब पाहू. ३,४०,००० रुपयांचा संगणक तीन वर्षे वापरून १,००,००० रुपयांना विकला गेला असे धरले, तर महिन्याला सुमारे ६,६७० रुपयांची झीज होते. विक्रीचा हा अंदाजही उदारच आहे, कारण सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाने मायनिंगची, म्हणजे ग्राफिक कार्डांवर गणिते सोडवून चलन मिळवण्याची, पद्धत सोडल्यावर जुन्या ग्राफिक कार्डांचे भाव कसे घसरले, ते तुमच्या क्षेत्रातील लोकांनी पाहिलेले आहे. ठेवीवर तुम्हाला ७ टक्के व्याज मिळते, म्हणजे मोडलेल्या रकमेवरचे महिन्याला जवळजवळ १,९८० रुपये बुडतील. संगणक ६०० वॅट वीज घेत महिन्याला २०० तास चालला, तर १२० युनिट होतात. महावितरणच्या घरगुती दरात वापर वाढेल तसा टप्पा वाढतो आणि हे युनिट घरच्या वापराच्या वर चढतात, म्हणून १२ रुपये दर धरला तर १,४४० रुपये. एकूण खर्च १०,०९० रुपयांच्या घरात जातो. तासाला ५० रुपये भाड्याने एवढ्या पैशांत २०२ तास मिळतात. म्हणजे महिन्याचे २५ दिवस, रोज आठ तास, हे कार्ड खरोखर कामात असेल तेव्हा कुठे दोन्ही मार्ग बरोबरीला येतात. तुमचा आजचा वापर ६० तासांचा, ३,००० रुपयांचा आहे.

घरी संगणक असला की मॉडेल अधिक वापरले जाईल, हे तुमचे म्हणणे मी मान्य करतो. मात्र वाढलेला वापर आणि वाढलेली कमाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि खर्च पेलायचा आहे तो कमाईला.

कर वाचेल ही समजूत मात्र मोडून काढणे आवश्यक आहे, कारण बहुतेकदा याच समजुतीपोटी खरेदी होते. तुम्ही ४४एडीए या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अनुमानित पद्धतीने विवरणपत्र भरता. त्या पद्धतीत व्यावसायिक जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न मानली जाते आणि उरलेल्या निम्म्यात सर्व खर्च, घसाऱ्यासह (वस्तूच्या झिजेपोटी मिळणाऱ्या वजावटीसह), आलेला आहे असे कायदा धरतो. संगणकावर ४० टक्के घसारा मिळतो हे तुम्ही ऐकले ते खरे आहे, पण तो हिशेबाची वह्या-पुस्तके ठेवून प्रत्यक्ष नफा दाखवणाऱ्यांसाठी. तुम्हाला तो वेगळा मिळणार नाही. शिवाय कंत्राटी जमेचे निम्मे, म्हणजे ५,५०,००० रुपये, त्यात ॲपची ३ लाखांची जमा पूर्णच्या पूर्ण मिळवली आणि ठेवीचे व्याजही जोडले, तरी तुमचे उत्पन्न नव्या करप्रणालीतील १२ लाखांच्या सवलतीच्या बरेच खाली राहते. जो कर मुळात लागतच नाही, तो संगणक घेऊन कसा वाचेल? जमा २० लाखांच्या आत असल्याने तुम्ही जीएसटीची नोंदणी केलेली नाही, म्हणून किमतीतला १८ टक्के करही परत मिळणार नाही. ॲपची वर्गणी व्यवसाय म्हणून दाखवावी की पेशा म्हणून, हे तुमच्या सीएंना अवश्य विचारा.

तुम्ही स्वतः जाणकार आहात, तरी तुमच्याच पत्रातील एका वाक्याकडे लक्ष वेधतो. पुढे ७० अब्ज पॅरामीटरचे, म्हणजे शिकलेले तेवढे आकडे असलेले, मॉडेलही घरी चालवता येईल, असे तुम्ही लिहिले आहे. असे मॉडेल प्रत्येक आकडा चार बिटांत बसेल इतके आटवले, तरी केवळ या आकड्यांना सुमारे ३५ जीबी मेमरी लागते. २४ जीबीच्या कार्डात ते मावत नाही, काही भाग साध्या मेमरीत ठेवावा लागतो आणि वेग फार मंदावतो. उलट आजच्या कामाला एवढे मोठे कार्ड लागतच नाही. बोलणे ऐकून लिहून काढणाऱ्या व्हिस्पर या एआयचे मोठे मॉडेल सुमारे १० जीबीत चालते, आणि टिपण सारांशित करणारे ८ अब्ज पॅरामीटरचे मॉडेल चार बिटांत ५ जीबीच्या आसपास बसते. म्हणजे तुमचे काम १६ जीबीच्या कार्डावर होण्यासारखे आहे, आणि आपल्या आत्ताच्या संगणकात बसणाऱ्या तशा कार्डाचे ५२,००० रुपयांचे कोटेशन तुम्हीच पत्रासोबत जोडले आहे.

आता ठेवीविषयी, कारण माझी खरी काळजी तिची आहे. तुमचा घरखर्च गृहकर्जाच्या हप्त्यासह महिन्याला ४८,००० रुपये आहे, म्हणजे ही ठेव जवळजवळ अकरा महिने घर चालवू शकते. ३,४०,००० काढल्यावर उरलेले १,८०,००० रुपये चार महिनेही पुरणार नाहीत. नोकरदाराला सहा महिन्यांची तरतूद पुरेशी असेल. परंतु ज्याची कंत्राटी कमाई दोनच ग्राहकांवर उभी आहे, त्याच्यासाठी नऊ ते बारा महिन्यांचा निधी मी किमान मानतो. त्यातही नोकरी सोडल्यावर कंपनीचा सामूहिक आरोग्य विमा संपला आणि नवा घेतला नाही, हे तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिले आहे. वडील ६७ वर्षांचे आहेत. एक रुग्णालय-मुक्काम ही ठेव निम्मी करू शकतो. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य व आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही. कार्डाआधी पती-पत्नी आणि मुलीसाठी एक पॉलिसी व वडिलांसाठी वेगळी पॉलिसी घ्या, आणि गृहकर्ज फिटेल एवढा टर्म विमाही.

बिनव्याजी हप्त्यांचा पर्याय तुम्ही विचारला आहे. त्यात रोखीची सूट जाते आणि प्रक्रिया शुल्क लागते. अनियमित कमाईत तो नको.

तुमच्या पत्रातला सर्वांत वजनदार मुद्दा रुग्णांच्या गोपनीयतेचा आहे. रुग्णाचे बोलणे परक्या सर्व्हरवर जाऊ नये, ही डॉक्टरांची अट योग्यच आहे, आणि डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ पाहता ती पुढे अधिक कडक होईल. पण मग ते यंत्र तुमच्या बैठकीच्या खोलीत तरी का असावे? ते दवाखान्यात असावे आणि त्याची किंमत दवाखान्याच्या करारात असावी. विकासासाठी तुम्हाला खऱ्या रुग्णांचा आवाज लागत नाही. घरच्यांनी वाचून दाखवलेले काल्पनिक संवाद पुरतात, आणि ते भाड्याच्या सर्व्हरवर गेले तरी कोणाचे नुकसान होत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. विमा या महिन्यात घ्या. त्यानंतर दरमहा १३,००० रुपये बाजूला काढले तर चार महिन्यांत १६ जीबीच्या कार्डाचे पैसे ठेवीला हात न लावता जमतील. मधल्या काळात भाडे चालू ठेवा आणि प्रत्येक तास कोणत्या कामाला गेला, याची नोंद ठेवा. वापर सलग तीन महिने २०० तासांच्या वर राहिला आणि एखाद्या डॉक्टरने पैसे देऊन करार केला, तर मोठ्या संगणकाचा प्रश्न मला पुन्हा विचारा. तेव्हा मे महिन्यात नागपूरच्या उन्हाळ्यात त्या खोलीला एसी लागेल, हेही कोटेशनमध्ये धरा, कारण कूलरची दमट हवा संगणकासमोर सोडणे बरे नाही.