पेट्रोल स्विफ्टला आफ्टरमार्केट (कंपनीबाहेरचा) इनटेक, म्हणजे इंजिनात हवा घेणारा भाग, आणि एक्झॉस्ट, म्हणजे धूर बाहेर सोडणारा सायलेन्सर-पाइप, घरी बसवता येईल का?

येईल, पण दोन्ही कामं सारखी नाहीत.

इनटेकसाठी कंपनीच्याच एअर बॉक्समध्ये बसणारा परफॉर्मन्स फिल्टर घ्या. क्लिपा काढायच्या, जुना काढून नवा बसवायचा, दहा मिनिटांचं काम. उघडा कोन फिल्टर मी सुचवणार नाही. तो बॉनेटखालची गरम हवा ओढतो, आवाज वाढतो, ताकद नाही.

खरा घाम एक्झॉस्ट काढतो. गाडी पूर्ण थंड होऊ द्या. सपाट जमिनीवर मागची बाजू उचलून जॅक स्टँडवर ठेवा आणि पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली अजिबात शिरू नका! गंजलेल्या नट-बोल्टवर आदल्या रात्रीच डब्ल्यूडी-४० मारून ठेवा, नाहीतर बोल्ट तुटतो आणि वेल्डरकडे जावं लागतं. पाइप टांगून धरणाऱ्या रबरी हँगरला साबणाचं पाणी लावलं की ते सहज निसटतात. जोडावरचं गॅस्केट (गळती रोखणारी चकती) नवीनच घाला. सगळे बोल्ट आधी हातानेच धरवा, पाइप बंपरला किंवा खालच्या पत्र्याला घासत नाही ना ते बघा, मगच पुढून मागे कसत या. शेवटी इंजिन सुरू करून जोडावर साबणाचं पाणी शिंपडा. बुडबुडे आले तर गळती आहे.

धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला मात्र हात लावू नका, पीयूसी अडकेल. आवाजाची मर्यादा ओलांडली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.