ऐकतो सत्तेचाळीस, लिहितो चौऱ्याहत्तर

प्रश्न : मुलगा दुसरीत आहे. शंभरपर्यंत अंक घडाघडा म्हणतो, पण ‘सत्तेचाळीस’ सांगितलं की 74 लिहितो. कधी तर 407! रोज दोन पानं लिहून घ्यावीत का?

उत्तर : पानं नकोत. त्याने चूक पाठ होईल. ‘सत्तेचाळीस’मध्ये सात आधी ऐकू येतो आणि मूल ऐकलं त्याच क्रमाने लिहितं.

पन्नास काड्या आणि रबर बँड घ्या. दहा-दहाचे गठ्ठे त्यालाच बांधू द्या. आयता गठ्ठा मुलाला ‘एक वस्तू’ वाटतो, त्यात दहा आहेत हे पटत नाही. कागदावर डावीकडे दशक, उजवीकडे सुटे असे दोन रकाने आखा. संख्या सांगितली की आधी काड्या मांडायच्या, मग प्रत्येक रकान्याखाली अंक. लिहायची घाई इथेच नडते.

407 ची चूक वेगळी आहे : चाळीस आणि सात शेजारी शेजारी लिहिले जातात. 40 चं रुंद कार्ड आणि त्याच्या निम्म्या रुंदीचं 7 चं कार्ड करा. सात बरोबर शून्यावर ठेवला की 47 दिसतो.

एकोणतीस, एकोणचाळीस सगळ्यात शेवटी घ्या. एकोणचाळीससाठी चार गठ्ठ्यांतल्या एकाचा रबर बँड काढून त्यातली एक काडी बाजूला काढायची. उरतात तीन गठ्ठे, नऊ सुट्या. नव्व्याण्णव मात्र या रांगेत बसत नाही, तो वेगळाच शिकवावा लागतो.