आधी ‘हो’ ऐक

प्रिय डॉक्टर,

तुझा मेल दोनदा वाचला. तीन सेंटिमीटरचा व्हेस्टिब्युलर श्वानोमा (ऐकण्या-तोलाच्या नर्व्हवरचा ट्यूमर), चेहऱ्याच्या नर्व्हवर लक्ष ठेवणारा मॉनिटर पूर्ण वेळ गप्प, आणि भूल उतरल्यावर पेशंटचा डोळा मिटत नाही. ‘मशीनने काहीच कसं सांगितलं नाही?’ असं तू विचारतेस. मला त्याआधीचं विचारायचंय: त्या दिवशी ते मशीन बोलू शकत होतं, हे तू केव्हा तपासलंस?

करंट देणाऱ्या प्रोबच्या टोकाखाली फेशियल नर्व्ह (चेहरा हलवणारी) नसली तरी रेषा सपाट, आणि नर्व्ह असून करंट पोचला नाही तरी रेषा सपाटच. म्हणून आधी ‘हो’ ऐक, मगच ‘नाही’ मान.

भूलतज्ज्ञांशी सकाळीच बोल. नळी घालताना स्नायू सैल करणारा, कमी वेळ टिकणारा रिलॅक्संट एकदाच, पुढे टॉप-अप नाही. ट्रेन-ऑफ-फोरमध्ये (रिलॅक्संट उतरला का ते दाखवणारी चार झटक्यांची चाचणी) चारही ठोके परतलेत हे स्वतः बघ. ऑर्बिक्युलॅरिस ऑक्युलाय आणि ओरिसमध्ये (डोळा आणि ओठ मिटणारे स्नायू) सुयांची एकेक जोडी, इम्पीडन्स (विद्युत अडथळा) ५ किलोओहमच्या आत. मॅसेटरमध्ये, म्हणजे चावण्याच्या स्नायूत, वेगळी जोडी हवीच. त्याच्या ट्रायजेमिनल नर्व्हला धक्का लागला की त्या स्नायूचा सिग्नल चेहऱ्याच्या चॅनेलमध्ये झिरपतो आणि आपण भलत्याच नर्व्हला फेशियल समजून खूश होतो. तो ३-४ मिलिसेकंदांत येतो, फेशियलचा ६ ते ८ मध्ये.

गालावर टिचकी मारून रेषा हलली की झालं, असं बरेच जण मानतात. त्याने फक्त वायरी कळतात, स्टिम्युलेटर नाही. प्रोब आधी जखमेतल्या मानेच्या स्नायूला लाव, तो आखडलेला दिसू दे. मेंदूभोवतीचं पाणी सोडल्यावर खाली अकरावी नर्व्ह दिसते. तिला करंट दे, खांदा हलला पाहिजे. हे झालं तुझं पहिलं ‘हो’. त्यानंतर ट्यूमरच्या मागच्या पृष्ठभागावर २ मिलिअँपने सगळीकडे फीर. तिथे उत्तर आलं नाही, तरच कॅप्सूल (ट्यूमरचं वेष्टन) उघड आणि आतून पोकळ करायला घे.

प्रत्येक वेळी आधी सक्शन. प्रोबभोवती पाणी किंवा रक्त साचलं की मोनोपोलर करंट त्यातूनच पळतो. ओल्या जागेतलं ‘नाही’ मी मोजतच नाही.

नर्व्ह बहुधा पुढच्या बाजूला, कॅप्सूलवर फितीसारखी पसरलेली असते. पोरसपाशी (कानाच्या हाडातल्या बोगद्याच्या तोंडाशी) सर्वांत पातळ आणि सर्वांत चिकटलेली. ब्रेनस्टेमजवळ (मेंदूच्या देठाजवळ) तिचं मूळ सापडलं की करंट ०.०५ ते ०.१ मिलिअँपवर आण आणि तो आकडा मोठ्याने सांगून लिहून ठेवायला लाव. पुढे दर थोड्या वेळाने त्याच जागी पुन्हा विचार. नुसत्या मॉनिटरच्या स्पीकरवर विसंबू नकोस. कात्रीने स्वच्छ कापली गेलेली नर्व्ह अनेकदा आवाजच करत नाही. रक्तपुरवठा हळूहळू तुटला तरी तेच. आणि बायपोलर (रक्त थांबवायला भाजणारा चिमटा) चालू असताना मशीन आंधळं असतं, नेमकी तेव्हाच नर्व्ह भाजते. तिच्याजवळ रक्त आलं तर कापसाची पट्टी, कोमट सलाईन आणि धीर. अ‍ॅरॅक्नॉइड (मेंदूवरचं पातळ आवरण) ओढू नकोस, कात्रीच्या धारेने सोडव.

०.०५ ला बोलणारी नर्व्ह ०.३ मागायला लागली तर थांब. पोरसपाशी ट्यूमरचा पातळ पापुद्रा राहिला तर राहू दे. एमआरआयने लक्ष ठेवता येतं, वाढलाच तर १२-१३ ग्रे किरणांचा गॅमा नाइफ आहे. यावरून मला भित्रा म्हणणारे आहेत. म्हणोत. पोस्ट-ऑप स्कॅन स्वच्छ दिसावा म्हणून कुणाचा डोळा उघडा ठेवायचा हे मला पटलेलं नाही, पटणारही नाही. सुरुवातीची काही वर्षं मीही सपाट रेषा म्हणजे ‘इथे नर्व्ह नाही’ असंच समजत होतो. ती बोच आहे, म्हणून इतकं ताणून सांगतोय. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या परिषदेने या शस्त्रक्रियेत फेशियल मॉनिटरिंग नेहमी हवं असं १९९१ मध्येच म्हटलं. म्हणून ते सगळीकडे लावतात, पण त्याला प्रश्न विचारायला कोणी शिकवत नाही, याचा मला राग आहे.

आता तुझा पेशंट. नर्व्ह अखंड दिसली होती असं तू लिहिलंस, तेव्हा महिनोन्‌महिने वाट बघावी लागेल. लगेच लकव्याची ग्रेड सांगून त्याला खचवू नकोस. दिवसा थेंब, रात्री मलम आणि पापणीला टेप. उद्या राउंडला कापसाच्या टोकाने कॉर्नियाची संवेदना तपास. ती गेली असेल तर डोळा लाल होऊनही त्याला दुखणार नाही, म्हणून नेत्रतज्ज्ञांना उद्याच बोलाव. काय सापडलं ते रात्री कळव.