लाईट लागल्यावर

प्रिय बाय,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. म्हादई नदीवरची फिल्म दाखवलीस, मंडप भरला, दोघीतिघी डोळे पुसत होत्या, आणि महिना उलटला तरी कोणी काही केलं नाही. माहितीपट दाखवण्यात अर्थ आहे का, असं विचारतेस. आहे. पण रडणं म्हणजे काम झालं, हे आधी मनातून काढ.

मीही पहिल्यांदा देवळाच्या सभामंडपात हिमनद्यांवरचा माहितीपट दाखवला होता. लोक हळहळले, चहा प्याले, चपला शोधून घरी गेले. तेव्हा मला लोकांचा राग आला होता. आता वाटतं, वितळणाऱ्या हिमनदीचं आमच्या चोडण बेटावरच्या माणसाने रात्री नऊ वाजता करायचं तरी काय?

२०१७ साली बीबीसीची 'ब्लू प्लॅनेट टू' मालिका आली आणि ब्रिटनमध्ये समुद्रातल्या प्लास्टिकची चर्चा घरोघर गेली. पुढे संशोधकांनी प्रयोग केला. काहींना त्या मालिकेचा भाग दाखवला, काहींना दुसराच कार्यक्रम. मालिका पाहिलेल्यांचं ज्ञान वाढलं, पण वस्तू निवडायची वेळ आली तेव्हा प्लास्टिक टाळण्यात ते इतरांपेक्षा पुढे नव्हते. हे वाचून खचू नकोस. फिल्मचं काम कुठे संपतं, एवढंच त्यातून कळतं.

आता आमच्या खाजनाची, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीची, गोष्ट. तुला बांध माहीत आहेच. मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, फळ्या भरतीच्या पाण्याने आपोआप मिटतात आणि ओहोटीला उघडतात, म्हणून खारं पाणी शेतात शिरत नाही. पण बांधाला खेकड्यांची बिळं पडतात. वेळीच चिखल भरला नाही तर पाणी तेवढ्याच वाटेने बांध पोखरतं आणि मग एका भरतीत सगळी कोरगूट, आमचा खाजनातला भात, जाते. एका पावसाळ्यात आमच्या बांधाला असंच बीळ पडलं. सगळ्यांना ठाऊक होतं, पण ते कोणी बुजवायचं हे ठरत नव्हतं. मी फोनवर बारा मिनिटांचं चित्रण केलं: बिळातून येणारं पाणी, मागचं हिरवं शेत, आणि एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं बोलणं. त्याच मंडपात दाखवलं. मधेच मागून कोणीतरी ओरडलं, "अरे, ही आपली कोपऱ्यातली जागा!" मी लाईट लावला, वही पुढे केली आणि विचारलं, रविवारी सकाळी कोण येणार? अकरा नावं आली. रविवारी नऊ जण फावडी घेऊन हजर होते, आणि फिल्मला न आलेले आणखी चौघेही आले. नऊ आणि चार हे आकडे मी अजून विसरलो नाही.

मोलेच्या जंगलातून जाणाऱ्या रेल्वेच्या दुपदरीकरणाविरुद्धची लढाई तुझ्याच वयाच्या मुलांनी चित्रांतून, व्हिडिओंतून घराघरांत नेली. पण १ नोव्हेंबर २०२० च्या रात्री चांदरच्या रेल्वेरुळांवर माणसं स्वतः जमली होती, आणि गोवा फाउंडेशन या पर्यावरण संस्थेने कायद्याची बाजू चिकाटीने लढवली. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेल्वे दुपदरीकरणाला दिलेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. चित्रांनी जंगल डोळ्यांसमोर आणलं. अर्ज, हरकती, तारखा यांचं काम चित्रं करू शकली नसती.

म्हणून पुढच्या वेळी फिल्म छोटी ठेव, वीस मिनिटांची. त्यात माणसांना ओळखीचा ओहोळ दिसू दे, ओळखीचा आवाज ऐकू येऊ दे. त्यांना अपराधी ठरवू नकोस. मान खाली घातलेला माणूस पेन उचलत नाही. ग्रामसभेला द्यायचा अर्ज आधीच लिहून ठेव, सह्यांना जागा सोड. आणि ज्यांना सभेत बोलायला भीती वाटते, त्यांच्या शेजारी तू स्वतः जाऊन बस. हे मला फार उशिरा सुचलं.

येत्या पुनवेला भरती मोठी असेल. फेरीबोटीने पहाटे ये, आपण मानशीवर जाऊ. फोन पूर्ण चार्ज करून आण.

तुझे,
सर