तुम्ही विचारा: सातवा की सहावा?

प्रश्न: मी एमएस्सी करतेय. सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारातला बदल जीनच्या सिक्वेन्सवरून मोजला की ७व्या जागी येतो, पण पीडीबी या प्रोटीनच्या त्रिमितीय रचनांच्या डेटाबेसमधल्या २एचबीएस या सिकल हिमोग्लोबिनच्या स्ट्रक्चरमध्ये तोच ६व्या जागी दिसतो. डेटाबेस चुकलाय का?

उत्तर: नाही हो, दोन्ही बरोबर आहेत! हिमोग्लोबिनमधल्या बीटा ग्लोबिन या साखळीचा जीन १४७ अमिनो आम्लं सांगतो पण पहिलं मेथिओनिन पेशीतच कापलं जातं, उरतात १४६, आणि स्ट्रक्चरवाल्यांनी मोजणी तिथून सुरू केली म्हणून एकाचा फरक. जीनमधल्या जीएजी या तीन अक्षरांचं जीटीजी झालं की ग्लुटामेटच्या जागी व्हॅलिन येतं, ते दोन्हीकडे तेच. इथे नुसता आकडा जुळवत बसू नका. युनिप्रॉट या प्रोटीन सिक्वेन्सच्या डेटाबेसमध्ये पी६८८७१ ही बीटा ग्लोबिनची नोंद उघडा, तिथून स्ट्रक्चरच्या लिंक मिळतात, आणि कुठलं अमिनो आम्ल कुठल्या साखळीत कितव्या नंबरला हे जुळवायचं काम सिफ्ट्स ही युनिप्रॉट आणि पीडीबी जोडणारी सेवा करते, मला तर हे फार मोलाचं वाटतं कारण दरवेळी फरक एकाचाच असेल असं नाही, कधी मधला तुकडा स्ट्रक्चरमध्ये दिसतच नाही. मग ते व्हॅलिन शेजारच्या हिमोग्लोबिनच्या फेनिलअॅलानिन ८५ला कसं चिकटतं ते स्क्रीनवर फिरवून बघा, नक्की बघा.