भावाच्या खोक्यात बायोनिकलचा ढीग सापडलाय? आधी काहीच ओढू नकोस

तर तुझा प्रश्न असा, की मोठ्या भावाचं जुनं खोकं उघडलं, त्यातून हात, पाय, मास्क, गिअर असा ढीग निघाला, शोधाशोध केल्यावर कळलं की हे लेगोचं बायोनिकल, म्हणजे तुकडे जोडून पात्रं बनवायची खेळण्यांची मालिका, २०१० मध्येच बंद झालेली, आणि तरी तिशी-पस्तिशीतली माणसं त्यावरून अजून रात्र रात्र वाद घालतायत. तर यांना झालंय काय, आणि या ढिगाचं करू काय, विकू का, असं विचारत ढिगाचा फोटोही टाकलायस. दोन्ही सांगतो, पण ढिगापासून सुरू करतो. तो आत्ता धोक्यात आहे, आमचं वेड काय कुठे पळून जात नाही.

पहिलं म्हणजे फोटोत डाव्या कोपऱ्यात जो पोपटी हात पडलाय ना, त्याच्याशी खेळणं बंद कर. २००७-०८ च्या आसपासचे पोपटी जॉइंट हा आमच्या सगळ्यांचा दुखरा विषय आहे. बायोनिकलचा सगळा खेळ बॉल आणि सॉकेटवर, एका तुकड्याला गोळा आणि दुसऱ्याला त्याला कवेत घेणारी वाटी, ती वाटी जरा तंग असते म्हणून तर पोझ टिकते, आणि म्हणूनच ते प्लास्टिक कायम ताणाखाली असतं. बाकी बहुतेक रंगांनी हा ताण वीस-वीस वर्षं सोसलाय, पण त्या काळातला पोपटी रंग ठिसूळ निघाला, गोळा काढताना किंवा परत बसवताना कडेला बारीक चीर पडते आणि मग तो हात कायमचा लुळा. २००७ चा कोंगू आणि २००८ चा लेवा ही दोन पात्रं यात सगळ्यात बदनाम. माझा लेवा वर्षानुवर्षं कपाटात नीट उभा होता, एके दिवशी मला हुक्की आली की जरा उडण्याची पोझ देऊ, आणि टक्. बस, एवढाच आवाज. त्यानंतर चिडून मी दुसरा हात पण काढून बघितला, तोही गेला. तेव्हा जे जोडलेलं आहे ते जोडलेलंच राहू दे, आणि काढायचंच असेल तर कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवून, सरळ न ओढता हळूहळू फिरवत काढ. तडकलेल्या वाटीवर बाहेरून सुपर ग्लूचा पातळ थर देणारे लोक आहेत, तात्पुरतं चालतं, पण आत थेंब गेला तर जॉइंट जागच्या जागी चिकटतो. त्यापेक्षा बदली तुकडा शोधणं बरं. गोळ्याचं माप पुढेही तेच ठेवलंय, त्यामुळे २०११ नंतरचे नवे जॉइंट जुन्यावर बसतात.

धुवायचं तर साबणाचं कोमट पाणी आणि जुना टूथब्रश. कडकडीत पाणी नाही, डिशवॉशर नाही, हेअर ड्रायरने वाळवणं नाही. रबर बँड निघाले तर ते आधी बाजूला काढ, बहुतेक वाळून ठिसूळ झालेले असतील, नवे लावले की काम झालं.

आता लावायचं कसं. साध्या लेगोत रंगाने ढीग करणं हा नवख्यांचा घोळ, तिथे आकाराने लावतात. इथे मात्र खुशाल रंगाने लाव, कारण पात्रंच रंगाने ठरलेली. २००१ चे सहा टोआ, म्हणजे कथेतले सहा नायक, असे: लाल ताहू आगीचा, निळी गाली पाण्याची, हिरवा लेवा हवेचा, पांढरा कोपाका बर्फाचा, काळा ओनुआ मातीचा आणि तपकिरी पोहाटू दगडाचा. बहुतेकांत तीस-पस्तीस तुकडे, जास्त नाहीत. सूचनांच्या पुस्तिका लेगोच्या साइटवर फुकट मिळतात, सेट नंबर ८५३१ ते ८५३६, पोहाटूपासून सुरू होऊन कोपाकावर संपतात. पोहाटू जोडताना तुला वाटेल आपलं काहीतरी चुकलं, तर चुकलेलं नाही, त्याचं धड मुद्दामच उलटं लावलंय, कारण तो हाताने मारत नाही, लाथ मारतो. एकाच धडाच्या तुकड्यातून दोन वेगळ्या चालीची पात्रं काढणं, हे ज्याला सुचलं त्याला माझा दंडवत.

मास्कचा गोंधळ होईल, सगळ्यांचाच होतो. मास्कचा आकार म्हणजे शक्ती आणि रंग म्हणजे मालक, एवढं लक्षात ठेव. हाऊ म्हणजे संरक्षण, अकाकू म्हणजे आरपार दिसणं, काकामा म्हणजे वेग, पाकारी म्हणजे ताकद, मिरू म्हणजे तरंगणं, आणि तुझ्या फोटोतला तो पारदर्शक निळा आहे ना, तो काउकाउ, पाण्याखाली श्वास घ्यायचा, गालीचा. पहिल्या वर्षी एकूण बारा आकार होते आणि ते वेगवेगळ्या रंगांत बंद पाकिटातून यायचे, आत काय निघेल ते फोडल्याशिवाय कळायचं नाही. या प्रकाराला मी तेव्हाही शिव्या घातल्यात आणि आजही घालतो, पण पाकीट फोडताना हात थरथरायचे हेही खरं.

आता वेडाबद्दल.

एखादं डोकं उचल आणि मागून दिवा धर. दिसले डोळे? डोक्याच्या मागच्या बाजूला पारदर्शक तुकडा असतो, प्रकाश तिथून शिरतो आणि डोळ्यांतून बाहेर पडतो, बॅटरी नाही, वायर नाही, काही नाही. मग पाठीमागचा गिअर फिरव, हात सपकन फिरतो. दोन टोआ समोरासमोर ठेवून समोरच्याचा मास्क उडवायचा, हा आमचा खेळ. कथेतही मास्क गेला की टोआची शक्ती जाते. म्हणजे हातातल्या खेळण्यात जे घडतं तेच कथेत घडतं, वेगळं नाही. याच्या आधी लेगोने १९९९ ला स्लायझर आणि २००० ला रोबोरायडर काढले होते, तेही जोडायचे रोबोटच, यंत्र म्हणून वाईट नव्हते, पण त्यांच्यासाठी कोणी रात्री जागत नाही. फरक कथेचा आणि ती सांगायच्या पद्धतीचा.

कथा अशी सुरू होते की एका बेटावर समुद्रातून सहा डबे वाहत येतात, ते उघडतात, आतून सुटे तुकडे पडतात आणि ते टोआ स्वतःच स्वतःला जोडून उभे राहतात, आपण कोण हेही त्यांना आठवत नाही. आणि दुकानातून तू काय आणायचास? डबा. आत काय? सुटे तुकडे. जोडणार कोण? तू. आठवीतल्या मला हे शब्दांत सांगता आलं नसतं पण अंगावर काटा आला होता. या डब्यांची कल्पना कुठून आली तेही ऐक. बायोनिकल घडवणाऱ्यांपैकी एक ख्रिश्चन फेबर, त्याला मेंदूत गाठ होती, कॅन्सरची नव्हती पण औषध रोज टोचून घ्यावं लागायचं, आणि त्याने नंतर स्वतः सांगितलंय की शरीरात शिरून लढणारे छोटे सैनिक ही कल्पना त्याला तिथून सुचली, टोआचे डबे म्हणजे औषधाच्या कॅप्सूल. हे माहीत नसताना आम्ही सात वर्षं ती कथा वाचत होतो. आणि मग २००८ मध्ये उलगडलं की ते बेट म्हणजे झोपलेल्या एका अवाढव्य रोबोटच्या चेहऱ्यावर साचलेलं, कथेतले सगळे ज्याला देवासारखं मानायचे तो माटा नुई हा देव वगैरे नसून तो रोबोटच, आणि टोआ, माटोरान नावाचे गावकरी, सगळे त्याच्या पोटात राहून त्याला चालू ठेवणारे. कथेत त्याची उंची ४ कोटी फूट दिलीय. पहिल्या वर्षापासूनचा नकाशा काढून बघितला तर बेटाचा आकार चेहऱ्यासारखा! म्हणजे समोरच होतं आणि आम्ही बघितलं नाही. सात वर्षं गुपित पोटात ठेवणारी खेळण्यांची दुसरी मालिका मला दाखव.

वर ही कथा एका जागी कधीच मिळाली नाही. थोडी कॉमिक्समध्ये, थोडी मालिकेचा लेखक ग्रेग फार्श्टी याच्या पुस्तकांत, थोडी २००३ च्या सिनेमात, आणि सगळ्यात सुंदर भाग २००१ मध्ये ब्राउझरमध्ये खेळायच्या एका फुकट फ्लॅश गेममध्ये, ज्यात तू हिरो नसतोस, ताकुआ नावाचा एक बारका गावकरी असतोस आणि गावागावांतून नुसता चौकशा करत फिरतोस. त्यामुळे ज्याच्याकडे जो तुकडा तो त्याने दुसऱ्याला सांगायचा, असं करत करत आम्ही एकमेकांना धरून राहिलो. २०२० च्या अखेरीस असे गेम ज्यावर चालायचे ते फ्लॅश सॉफ्टवेअरच बंद झालं तेव्हा हा गेम वाचवला तोही चाहत्यांनीच, आज तो सहज खेळता येतो, आवाज सुरू ठेवून खेळ.

वाचताना एक गोष्ट खटकेल ती आधीच सांगतो. जुन्या ठिकाणी गावकऱ्यांना टोहुंगा म्हटलेलं दिसेल, नंतर माटोरान. जालाचा जालर होतो, हुकीचं स्पेलिंग बदलतं. तुझी चूक नाही. बरेच शब्द न्यूझीलंडच्या माओरी भाषेतून न विचारता उचलले होते, २००१ मध्ये माओरी लोकांनी रीतसर हरकत घेतली, टोहुंगा म्हणजे त्यांच्याकडे जाणता, पूज्य माणूस, ते नाव खेळण्याला कसं चालेल. लेगोने काही नावं बदलली, आणि कथेतही नामकरणाचा दिवस दाखवून तो बदल बसवून टाकला. चाहते यावर हळवे होतात, पण हरकत बरोबरच होती असं माझं मत.

बंद का पडलं, तर एकच कारण सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नकोस. २००३ मध्ये लेगो कंपनी मोठ्या तोट्यात होती आणि तेव्हा ज्या थोड्या मालिका तिला तारत होत्या त्यात बायोनिकल होतं, हे नवख्यांना खरं वाटत नाही. पण दहा वर्षं चाललेल्या कथेत नवीन पोराने शिरायचं कुठून? मधलं पुस्तक उचललं तर पानोपानी पंधरा नावं आणि एकही ओळखीचं नाही. आम्हाला जी खोली आवडायची तीच नवीन मुलांना विहीर वाटत असणार. २०१० ला मालिका थांबली, फार्श्टीने ऑनलाइन काही कथा पुढे चालू ठेवल्या, २०११ मध्ये त्याही अर्ध्यात थांबल्या, आणि अर्धवट टांगलेल्या त्या कथांनी जेवढी माणसं धरून ठेवलीत तेवढी पूर्ण झालेल्या भागानेही नसतील. अजून लोक शेवट लिहितायत.

जागा घेतली लेगोच्याच हीरो फॅक्टरी या नव्या मालिकेने, २०१० ते २०१४. तिचा लोक उगाच रागराग करतात. २०११ पासून त्यात हाडं आणि वरून कवच अशी नवी पद्धत आली, ती दणकट आहे, मुलांना पटकन जमते, जॉइंट तडकत नाहीत. फक्त गिअर गेले, आणि गिअर गेले म्हणजे माझ्यासाठी निम्मा जीव गेला. २०१५ मध्ये बायोनिकल याच पद्धतीवर परत आलं, गिअर पण थोडे परतले, ते सेट खरंच देखणे होते, कथा मात्र पातळ, छोट्या छोट्या क्लिपांत उरकलेली, २०१६ मध्ये पुन्हा बंद. २०२३ मध्ये खरेदीबरोबर भेट म्हणून एक छोटा ताहू आणि ताकुआ दिला, साध्या विटांचा. आम्ही त्यावर पण भांडलो.

विकू का असं विचारलंयस. तुझा भाऊ काय म्हणतो ते आधी विचार. नंतर पश्चात्ताप होऊन स्वतःचाच लॉट परत शोधत फिरणारे मी पाहिलेत, मी पण त्यातलाच. आणि विकत घ्यायला निघशील तर सांभाळून, एकदा एका विक्रेत्याने मला 'संपूर्ण, अस्सल' म्हणून सहा टोआ पाठवले, त्यातला एक मास्क थ्रीडी प्रिंट करून रंगवलेला निघाला, पाठीवर नखाने खरवडल्यावर खाली पांढरं. प्रिंट केलेल्या मास्कला माझा विरोध नाही, न आलेले आकार आमचेच लोक सुरेख बनवतात, पण तसं सांगून द्यावं. अस्सल तुकड्यावर कुठेतरी बारीक अक्षरात लेगो कोरलेलं असतं, भिंग घेऊन बघ. आणि पूर्ण मालिका जमवायच्या फंदात पडूच नकोस, त्यात आनंद कमी आणि याद्या जास्त.

सहा पूर्ण झाले की उरलेल्या तुकड्यांतून स्वतःचा एक बनव. आमच्यात प्रत्येकाचा असा एक असतो, स्वतःचं पात्र, स्वतःचा मास्क, स्वतःची शक्ती. माझ्याला तीन पाय आहेत कारण चौथा मिळाला नाही. आणि त्याआधी एक कर, लाल, काळा आणि तपकिरी असे तीन टोआ मोडून एकच मोठा आकामाई जोड, पांढरा, निळा, हिरवा मिळून वाइरुहा होतो. ताहू, ओनुआ आणि पोहाटू तर तुझ्या फोटोत बऱ्यापैकी दिसतायत, फक्त ओनुआचा एक पंजा सापडत नाहीये, खोक्याच्या तळाशी पुठ्ठ्याच्या घडीत बघ, तिथेच असतात ते. झालं की फोटो टाक, आणि तो पोपटी हात अजून काढला नसशील तर तसाच राहू दे.