ट्रॅप: सापळा की वर्दी?

प्रश्न असा आला आहे: नेटवर्कवर देखरेख ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरची पुस्तिका मराठीत करताना 'एसएनएमपी ट्रॅप सिम्युलेट करणे' याला 'कृत्रिम सापळा पाठवणे' म्हटलेले चालेल का? (एसएनएमपी म्हणजे नेटवर्कवरच्या उपकरणांवर देखरेख ठेवण्यासाठीचा प्रोटोकॉल, संवादाचे ठरलेले नियम.)

मला विचाराल तर नाही. सापळा लावतात, रचतात, त्यात कुणीतरी अडकते. सापळा पाठवत कुणी नाही. इथे तर काही घडले की राउटर किंवा स्विच कुणी विचारायची वाट न पाहता यूडीपीच्या १६२ क्रमांकाच्या पोर्टवर देखरेखीच्या सॉफ्टवेअरला निरोप धाडून मोकळा होतो. प्रोसेसरच्या बाबतीत मात्र 'ट्रॅप' शोभतो. शून्याने भागण्यासारखी भानगड झाली की चालू काम जागच्या जागी पकडले जाते आणि सूत्रे ऑपरेटिंग सिस्टिमकडे जातात. १९८८ साली एसएनएमपी आले तेव्हा संगणकवाल्यांच्या तोंडी हा शब्द आधीच बसलेला होता. माझा कयास असा की नाव तिथून आले आणि पकडण्याचा अर्थ वाटेत गळाला.

मराठीत यासाठी 'वर्दी' आहे. आग लागल्याची वर्दी देतात तशीच ही. (वर्दी म्हणजे गणवेश ना, असे कुणी म्हणेल, पण 'वर्दी दिली' म्हटल्यावर कुणाला कपडे आठवत नाहीत.) 'इशारा' मला पटत नाही, कारण तो बहुधा संकटाआधीचा असतो आणि 'लिंक डाउन' (जोडणी तुटली) हा ट्रॅप येतो तो लिंक पडल्यावर. शिवाय 'लिंक अप' ही तर आनंदवार्ता, तिचा कसला इशारा? वर्दीचा आणखी एक फायदा आहे. ट्रॅप पोहोचला की नाही हे पाठवणाऱ्याला कळत नाही. एसएनएमपीच्या दुसऱ्या आवृत्तीत आलेला 'इन्फॉर्म' उत्तराची वाट पाहतो. म्हणजे एक साधी वर्दी, दुसरी पोच मागणारी वर्दी.

खरी गोम 'सिम्युलेट'मध्ये आहे. 'खोटी वर्दी' म्हणजे कुणाची तरी खोडी. 'बनावट' म्हटले की फसवणुकीचा वास येतो. आपली लुटुपुटूची लढाई आठवा. पण 'लुटुपुटूची वर्दी' असेही म्हणू नका, कारण वर्दी अगदी खरीच असते: खरे पॅकेट, खरा पोर्ट, ओआयडीही (वर्दी कसली आहे हे सांगणारा ठरलेला क्रमांक) खरा. लुटुपुटूची असते ती घटना. विशेषण घटनेला लावले की चाचणीत काय तपासायचे तेही उमगते. नुसता कसलातरी ट्रॅप मारला आणि तो पडद्यावर दिसला, तर पोर्ट उघडा आहे एवढेच सिद्ध होते. 'लिंक डाउन'चा १.३.६.१.६.३.१.१.५.३ हा ओआयडी आणि सोबत इंटरफेसचा क्रमांक धाडला, तरच सॉफ्टवेअरमधला नियम जुळतो का, अलार्म वाजतो का, हे कळते.

आणि वर्दी कुणाच्या नावाने? चाचणीच्या संगणकावरून ट्रॅप सोडला तर सॉफ्टवेअर बहुधा त्याच संगणकाच्या पत्त्यावर नोंद करते, राउटरच्या नव्हे. पहिल्या आवृत्तीत उपकरणाच्या पत्त्याचा रकाना ट्रॅपमध्येच असतो, तिथे राउटरचा पत्ता भरता येतो. अशा पाठवणाऱ्याला मी 'तोतया' म्हणेन. पुस्तिकेत हा शब्द कुणी ठेवू देणार नाही, ते सोडा.

बटणावर 'ट्रॅप'च राहू द्या, सगळे तेच म्हणतात. खालच्या ओळीत लिहा: 'घटना घडली असे मानून चाचणीची वर्दी पाठवा.'